शैलामावशीची माती

आमच्या घरातली सगळ्यात उबदार जागा म्हणजे डिशचा रिसीव्हर. खोटं नाही सांगत. रियाधच्या थंडीबद्दल मी इथे पुण्यात कुणाला सांगायला गेले, की ही बाई थापा मारतेय अशा नजरेनं समोरचा बघतो. सौदी म्हणजे बारा महिने भट्टी, एवढंच लोकांच्या डोक्यात असतं. पण डिसेंबर लागला की अल मलाझमधल्या आमच्या त्या जुन्या इमारतीच्या फरशा अशा गारठायच्या की मोज्यांवर मोजे चढवून चालावं लागे. बांधणाऱ्यानं सगळा विचार उन्हाळ्याचा केलेला, थंडीला त्यानं खिजगणतीतही धरलं नव्हतं. घरात विजेचा एक हीटर होता, दोन लाल कांड्यांचा. बाबा जिथे बसतील तिथे तो त्यांच्या पायाशी जायचा. बाकीच्यांनी आपापलं बघायचं. आईनं स्वतःचं काही बघितलं नाही, पण आपल्या बियांची सोय तिनं रिसीव्हरवर केली. दिवसभर चालू असलेलं ते काळं खोकं वरून कोमट असे. त्यावर स्टीलचा चपटा डबा, डब्यात ओला टिश्यू पेपर, त्यात झेंडूचं, वांग्याचं, मिरचीचं बी, वर झाकण. बाबा बातम्या लावायला उठले की आई स्वयंपाकघरातून सांगायची, डबा हलवू नका. आणि बाबा म्हणायचे, या घरात बातम्या बघायलासुद्धा शेतकी खात्याची परवानगी लागते.

त्या रिसीव्हरवर आधी क्रोशाचं झाकण होतं, ते शैलामावशीनं विणलेलं. आमचा टीव्ही, फोन, मिक्सर, टिश्यूचा खोका, सगळ्यांना तिनं अंगरखे घातले होते. आता मीच तेवढा उघडा राहिलोय, असं बाबा म्हणायचे. शैलामावशी आमच्या खाली, तळमजल्यावर राहायची. नात्यातली नव्हे, ती चिपळूणकडची, आई ओतूरची. तिचा नवरा, आमचे मोहनकाका, एका कंपनीत एसीच्या कामावर सुपरवायझर होते आणि मुलगी मुग्धा माझ्याच शाळेत माझ्यापुढे एक वर्ष. इमारतीत मराठी अशी आमची दोनच घरं. सकाळी बाप्ये कामाला आणि आम्ही पोरी बसनं शाळेला गेलो की दोघी बायका एकमेकींना उरायच्या. गाडी चालवायची नाही, एकटीनं कुठे जायचं नाही, कोथिंबिरीची जुडी आणायची तरी नवऱ्याला सवड झाली की. आईच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, तर अरबीत छापलेलंच होतं की या बाईला काम करायची परवानगी नाही. शेतकीची पदवी घेतलेली, लग्नाआधी रोपवाटिकेत नोकरी केलेली बाई! ती ओळ बाबांनी एकदा हसत हसत तिला वाचून दाखवली होती. ती हसली नव्हती.

मावशीच्या घराला मागच्या बाजूला अंगण होतं. अंगण कसलं, घर आणि कंपाउंडची उंच भिंत यांच्यामधली चिंचोळी पट्टी. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागे. पण वर आभाळ होतं आणि खाली माती. ही माती काही आपोआप आलेली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी ते घर घेतलं तेव्हा तिथे नुसता राडारोडा होता, फरश्यांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे आणि वाळू. मोहनकाकांनी दर हिवाळ्यात नर्सरीतून पोती आणली, अल खर्जकडच्या गोठ्यांतून शेणखत आणलं. मावशीनं वर्षानुवर्षं त्यात भाजीची सालं, चहाचा चोथा, कोळंबीची टरफलं गाडली. काकांच्या कंपनीच्या कामगार-कॅम्पातली गुहागर-दापोलीकडची माणसं, बायकापोरं गावाला ठेवून आलेली, शुक्रवारी मावशीकडे माशाचं कालवण जेवायला यायची. जेवण झालं की तीही तिथे कुदळ मारून जायची. असं करता करता ती माती काळी झाली. हातात घेऊन दाबली की मुठीचा आकार धरायला लागली. आई खाली गेली की आधी पट्टीत जायची, चिमूटभर माती उचलून नाकाशी न्यायची आणि मगच घरात शिरायची. आमच्या वरच्या घराला बाल्कनी होती, पण ती बाहेरून कुणाला बायका दिसू नयेत म्हणून पत्र्यानं बंद केलेली. तिथे वॉशिंग मशीन होतं.

जानेवारीभर दोघींचं एकच चालायचं, थंडी सरली की काय कुठे लावायचं. आम्ही शाळेतून यायचो तेव्हा कुठल्या तरी एका घरात कुळथाच्या पिठीचा नाहीतर भाजणीचा वास असायचा आणि दोघी पांघरुणात पाय घालून बसलेल्या असायच्या. मावशीच्या हातात क्रोशाची सुई, आईच्या पुढ्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. ज्या बीला मोड आला ते आई चमच्यानं उचलून ट्रेमधल्या खळग्यात निजवायची. ट्रेमधली मातीही खालूनच आलेली, दोन वाट्या मोजून. मावशी उतावळी. दुपारी ऊन पडलं की म्हणायची, ताई, आता लावू या ना, किती छान ऊब आहे. आई ठाम. फेब्रुवारी सरेपर्यंत एक रोप बाहेर जाणार नाही, दुपारचं ऊन फसवं असतं, एका रात्रीत सगळं आडवं होईल. तिकडे वसंत म्हणजे तरी काय, धुळीच्या दोन वादळांमधले चार दिवस. त्या चार दिवसांत सगळं साधायचं. पट्टीत त्यांनी दोऱ्या बांधून, कपड्यांचे चिमटे लावून जागा आखल्या होत्या. आमच्या एसीचं पाणी उन्हाळ्यात वरून जिथे टपकतं तिथे अळू. त्याचे कांदे मावशीनं चिपळूणहून बॅगेत, काकांच्या मोज्यांत गुंडाळून आणलेले. भिंतीच्या कडेनं मिरची. आणि ऊन लागतं त्या टोकाला झेंडू, पाडव्याला दोन्ही घरांच्या गुढ्यांना खरी फुलं हवीत म्हणून. गुढी आम्ही हॉलमध्येच उभारायचो, खिडकी बंद करून, आणि तिला प्लास्टिकची फुलं घालायचो. या वर्षी नाही, असं त्या दोघींचं ठरलं होतं.

त्या महिन्यात मी आईला जितकी आनंदात पाहिली तितकी नंतर कधीच पाहिली नाही. आता माझेही गुडघे कुरकुरतात, माझ्या गॅलरीतही चार कुंड्या आहेत, आणि दरवर्षी थंडीत बी भिजवताना मला ती आठवते. आठवली की राग येतो. माणूस आनंदात असताना इतकं वाईट वागू शकतं, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही.

जानेवारी संपता संपता मोहनकाकांच्या कंपनीचं काम संपलं. नवीन काम मिळालं नाही आणि कंपनीनं माणसं कमी केली, त्यात काका आले. हे मावशीनं आईला सांगितलं तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर भूमितीचा गृहपाठ करत होते. नववीतल्या मुलीला कान नसतात असा मोठ्यांचा समज असतो. मावशी विणत विणतच सांगत होती. काका दुसरीकडे नोकरी शोधताहेत, पण जुना कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो तो, दुसरीकडे जायला रिलीज देईल याचा भरवसा नाही. बहुतेक फायनल एक्झिटच, कायमचं परत. घराचा करार फेब्रुवारीअखेर संपतोय आणि मुग्धाची दहावीची परीक्षा मार्चभर. मालकाला गोड बोलून महिनाभर मुदत वाढवून घ्यायची, पोरीची परीक्षा झाली की मग काय व्हायचं ते होवो. मग तिनं सुई खाली ठेवली.

"ताई, हे तुमच्यापाशीच ठेवा. भाऊजींनाही नको. मालकाच्या कानावर गेलं की आम्ही जाणार, तर तो दुसरं गिऱ्हाईक बघेल."

आई म्हणाली, "वेडी आहेस का? मी कशाला कुणाला सांगू?"

मावशी इतकी का घाबरत होती ते तिकडे राहिलेल्यालाच कळेल. आपल्याकडे 'गेले' हा शब्द जसा आवाज खाली आणून म्हणतात तसा तिकडे 'एक्झिट' म्हणायचे. अमक्यांचं एक्झिट लागलं, असं कळायचा अवकाश, आठवडाभरात निम्मं मराठी रियाध त्यांच्या घरी. भेटायला म्हणून यायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, आणि त्याच डोळ्यांनी फ्रिज किती जुना आहे ते बघायचे. वॉशिंग मशीन आम्हाला ठेवा हं, दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नका. घरात माणसं नांदत असताना सोफ्याखाली वाकून त्याचे पाय तपासायचे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी, दुसरा शब्द नाही. आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे, कारण प्रत्येकानं आल्या आल्या आपलं घर असंच कुणाच्या तरी एक्झिटमधून उभं केलेलं असायचं. आमचं जेवणाचं टेबलसुद्धा तसलंच होतं, ज्यावर बसून मी हे सगळं ऐकलं.

पुढचा गुरुवार. तिकडे तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. संध्याकाळचा चहा झाला होता, बाबा हीटरपाशी पाय करून बसले होते आणि आई मटार सोलत होती. बाबा काहीतरी जिन्याबद्दल कुरकुरले, पाण्याचे कॅन वर चढवून कंबर धरते म्हणून. आईनं मान वर केली नाही. मटार सोलत सोलत, भाजीत मीठ कमी झालंय अशा आवाजात ती म्हणाली, "खालची जागा रिकामी होणार आहे."

मी म्हटलं, आई, मावशीनं सांगू नको म्हटलं होतं ना? त्यावर मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, असं मला सुनावण्यात आलं. बाबांनी दोनच प्रश्न विचारले. कधी? आणि मालकाला माहीत आहे का? आईनं दोन्हींची खरी उत्तरं दिली. मग तिनं सोललेले दाणे धुवायला नेले. पुढे तिचं म्हणणं असायचं, मी फक्त बोलले, नवऱ्याशी बोलायचं नाही तर कुणाशी बोलायचं? गोगलगाय आणि पोटात पाय. तिला पक्कं ठाऊक होतं बाबा काय करतील ते. म्हणून तर ती बोलली.

बाबांनी ते शनिवारी केलं. ऑफिसातून परस्पर मालकाच्या कचेरीत जाऊन सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरलं आणि एक मार्चपासून तळमजला आपल्या नावावर करून घेतला. तिकडे मालकाला दुसरं काय हवं असतं? दोन दिवसांनी त्याचा माणूस आला आणि मावशीला सांगून गेला, मुदत वाढणार नाही, महिनाअखेर खलास. सगळं कायद्याला धरून. बाबांचं ठरलेलं पालुपद होतं, मी काय चोरी केली? त्यांचा करार संपतच होता, मी घेतलं नसतं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं. या वाक्यात चूक काढता येत नाही. मी वकील झाले, पुष्कळ लोकांची पुष्कळ वाक्यं उलटीपालटी करून पाहिली, पण बाबांचं ते वाक्य अजून तसंच उभं आहे.

त्या दिवशी दुपारी मावशी वर आली. नेहमी ती दार ढकलून यायची, त्या दिवशी तिनं बेल वाजवली. आई तव्यावर थालीपीठ लावत होती. तिनं बस म्हटलं, मावशी बसली नाही. रडणं नाही, आरडाओरडा नाही. मला वाटलं होतं आता भांडण होईल आणि भांडण होऊन संपेल. माझ्या मनातून ते व्हावं असंच होतं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आईच्या पाठीकडे बघत होती.

"ताई, मी तुम्हालाच सांगितलं होतं."

आईनं थालीपीठ उलटलं. म्हणाली, मी ह्यांना म्हटलं नव्हतं जा म्हणून. मग म्हणाली, अगं, दुसऱ्या कुणी घेण्यापेक्षा आपल्यातच राहिलं ना, तुझी बाग मी बघेन, तू लावलेलं सगळं वाढवेन. हे ती खरंच समजूत घालावी तशी म्हणाली. मावशी वळली. हॉलमध्ये आली, रिसीव्हरपाशी थांबली, खिडकीत ठेवलेल्या ट्रेमधली झेंडूची रोपं तिनं एका बोटानं जरा बाजूला करून बघितली. "पाणी जास्त होतंय, मुळं कुजतील," एवढंच बोलून ती खाली गेली. थालीपीठ करपलं होतं. आईनं ते स्वतः खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मुग्धा माझ्या शेजारी बसली नाही. आम्ही पोरी आपापसात हिंदीत बोलायचो. उतरताना तिनं मला विचारलं, "तेरी मम्मी ने बताया ना?" मी मान हलवली. तिनं दप्तर सावरलं आणि निघून गेली. वर्गात पहिली येणारी मुलगी ती. पुढे तिनं परीक्षा दिली ती एका ओळखीच्या कुटुंबाच्या हॉलमध्ये पडद्याआड राहून, त्या घरातल्या तान्ह्या बाळाचं रडणं ऐकत. पास झाली, पण सगळ्यांना वाटलं होतं तशी नाही. चिपळूणला परत गेल्यावर तिला हवी ती शाखा मिळाली नाही, हे आम्हाला तिसऱ्याकडून कळलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर खाली रीघ लागली. मावशी एकेकाला चहा करून द्यायची. लोक तिचा चहा पीत पीत तिच्या कपाटांची दारं उघडून बघायचे. आई खाली गेली नाही. तिला म्हणे कसंतरी होत होतं. बाबा मात्र गेले, टेप घेऊन, पडद्यांची मापं घ्यायला. मला कागद-पेन्सिल घेऊन सोबत नेलं. मोहनकाका घरात नव्हते. खिडकी रुंद होती, बाबांच्या हाताला पुरेना, तेव्हा मावशी पुढे झाली आणि तिनं टेपचं दुसरं टोक धरून ठेवलं. बाबा म्हणाले, थँक्यू वहिनी. मला त्या क्षणी बाबांची इतकी लाज वाटली की माझ्या हातून आकडे चुकीचे लिहिले गेले. पुढे पडदे आखूड झाले, त्याबद्दल बाबांनी शिंप्याला शिव्या घातल्या.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी मराठी मंडळींनी गावाबाहेर एक इस्तिराहा भाड्यानं घेतला होता. इस्तिराहा म्हणजे भिंतींनी वेढलेलं फार्महाउस, तिथे दिवसभर मटण रांधायचं, पत्ते कुटायचे, मुलांनी पोहायचं. आम्ही सकाळी गेलो ते अंधार पडल्यावर आलो. खालच्या घराचे दिवे बंद होते. किल्ली मालकाच्या माणसाकडे देऊन ती तिघं गेली होती. निरोप नाही, काही नाही. आईनं मावशीसाठी चकल्यांचा डबा भरून ठेवला होता, तो टेबलावर तसाच होता. बरं झालं, नाहीतर उगाच रडारड, असं बाबा म्हणाले.

मार्च लागला तसं आम्ही सामान खाली उतरवलं. आईनं हमालांना सांगितलं, ट्रे कुणी धरायचे नाहीत, मी नेईन. रोपं हातभर नाही पण चांगली वीतभर झाली होती, बाहेर ऊबही आली होती, तिच्या नियमाप्रमाणे अगदी नेमकी वेळ. दोन्ही हातांवर ट्रे घेऊन ती पट्टीच्या दाराशी गेली आणि मला म्हणाली, कडी काढ. मी काढली.

माती नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत, कोपरभर खोल, सगळी उपसून नेलेली. खाली पहिला राडारोडा उघडा पडला होता, फरश्यांचे तुकडे, सिमेंटचे गोळे. आणि तो झाडलेला होता. त्या दगडधोंड्यांवर खराट्याच्या रेघा दिसत होत्या. घर सोडताना केर मागे ठेवू नये म्हणतात, तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केर काढलेला. दोऱ्या आणि चिमटे गुंडाळून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले होते. आमचेच होते ते.

खालचा बांगलादेशी चौकीदार म्हणाला, शुक्रवार को कंपनी का आदमी लोग आया था, चावल का बोरी में भर के ले गया, मॅडम खुद बोरी पकड़ा. बाबा खवळले. लोक घराचे दिवे काढून नेतात हे ऐकलंय, माती नेलेली आज बघतोय, कोकणी माणूस म्हणजे, वगैरे वगैरे. मग म्हणाले, मातीचं काय एवढं, नर्सरीतून आणू, येत्या शुक्रवारी आणू. आई अजून ट्रे धरून उभी होती. ती म्हणाली, "किती स्वच्छ झाडलंय." त्यात कौतुक होतं की काय होतं ते मला कळलं नाही. आयत्या बिळावर नागोबा व्हायला गेलो आणि बीळच जागेवर नाही, असं मी मोठ्यानं म्हणाले आणि बाबांनी मला एक ठेवून दिली. बाबांनी मला मारलं ते तेवढ्या एकाच वेळी.

येता शुक्रवार गेला, त्याच्या पुढचा गेला. बाबांना जिना नको होता, तो सुटला; त्यांचं काम झालं होतं. आईनं माती आणा म्हणून एकदाही म्हटलं नाही. आधी मला वाटलं तिला पश्चात्ताप झालाय. पण पश्चात्ताप झालेला माणूस फोन करतो, आणि मावशी परीक्षा संपेपर्यंत रियाधमध्येच होती, ती राहत होती त्या घरचा नंबर आईला पाठ होता. आईला ती माती हवी होती, तीच, तयार झालेली. मळ्यात वाढलेली बाई ती, एक पट्टी काळी व्हायला किती वर्षं लागतात हे तिला बरोबर कळत होतं. पुन्हा पहिल्यापासून करायला तिच्यात धीर नव्हता. ट्रेमधली रोपं पुठ्ठ्यातच उंच उंच, बारीक होत गेली. एका झेंडूला पाडव्याच्या सुमारास गुंडीएवढी कळी आली, ती न उघडताच सुकली. गुढीला प्लास्टिकची फुलं घातली. मग धुळीची वादळं सुरू झाली आणि पट्टीचं दार आम्ही बंद करून टाकलं.

उन्हाळा चढला होता तेव्हाची गोष्ट. शुक्रवारची दुपार, बाबा आत झोपलेले. बेल वाजली, मी दार उघडलं तर कॅम्पातले सुभाषभाऊ, मावशीकडे कालवणाला यायचे त्यांतले, घामानं भिजलेले, हातात पिशवी. आत आले नाहीत, बाहेरूनच आईला हाक मारली. आई डोक्यावर ओढणी घेत दाराशी आली. ते म्हणाले, वर जाऊन आलो, तुम्ही आता खाली राहता असं चौकीदारानं सांगितलं. शैलावहिनी गावी पोचल्याचं कळलं. त्यांनी जाताना माती दिली, त्यांच्याकडची मिरचीची रोपंही दिली, आम्ही खोल्यांच्या मागं सावलीला लावली, आंघोळीचं पाणी सोडतो. आता एवढ्या लागल्यात की संपत नाहीत. त्यांना तर पाठवता येत नाहीत.

"मग म्हटलं त्यांच्या बहिणीकडे द्याव्यात. त्या नेहमी म्हणायच्या, वरच्या ताई म्हणजे माझी बहीणच."

त्या माणसाला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे मावशीनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. माती पोत्यांत भरताना, कुणाच्या हाती लागू नये म्हणून भरताना, एक अक्षर नाही. आईनं पिशवी घेतली. पाणी विचारायचं ती विसरली, ते मी आणून दिलं. सुभाषभाऊ गटागटा प्यायले आणि उन्हात चालत गेले.

मला वाटलं आई ती पिशवी कुणाला तरी देऊन टाकेल. तिनं मिरच्या धुतल्या, पुसल्या, देठ काढले, तव्यावर लसूण घालून भाजल्या आणि वाटीच्या बुडानं रगडून ठेचा केला. ज्वारीचं पीठ गावाहून आणलेलं थोडं उरलं होतं, त्याच्या भाकऱ्या केल्या. बाबा उठले, तोंड धुऊन जेवायला बसले. त्याच टेबलावर. पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे चमकले.

"वा! बाजारातल्या नाहीत या. कुठल्या मिरच्या?"

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"बागेतल्या," ती म्हणाली.

बाबांनी पट्टीच्या बंद दाराकडे पाहिलं, मग आईकडे, मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी मान खाली घातली आणि ताट पुढे सरकवून म्हणाले, अजून वाढ.